विंचवाचा शेजार

नागपुरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे भूगोलाच्या कोणत्याही हिशेबानं हे वाळवंट नव्हे. पण एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत इथला पारा पंचेचाळिशीला भिडतो, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि घरोघरी खिडकीत जे यंत्र घरघरतं त्याला दुकानदार डेझर्ट कूलर म्हणतात. उत्तर नागपुरातलं जरीपटका फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलं. ज्या मुलखातून ही माणसं उठली त्याच्या पूर्वेला थरचं वाळवंट होतं. ज्या गावात ती येऊन टेकली तिथला उन्हाळाही जीव घेणारा होता. विंचू दोन्हीकडे होता.

आता जरीपटक्याची मधली वस्ती दाट आणि पक्की झाली आहे. तिथल्या नव्या पिढीनं विंचू पाहिला असेल तर मोबाइलवर. पण नारा, नारी, मानकापूर या बाजूंना जिथे अलीकडेपर्यंत शेतं आणि पडीक माळ होता तिथे लेआउट पडले, पायवे खणले गेले, विटांच्या थप्प्या आणि गिट्टीचे ढीग उभे राहिले. दिवसा अंधार, थोडीशी ओल आणि रात्री खायला झुरळं-रातकिडे, एवढं विंचवाला पुरतं. बांधकामाच्या जागेवर हे तिन्ही मिळतं. आपण त्याच्या माळावर राहायला गेलो आहोत, तेव्हा या शेजाऱ्याची नीट ओळख करून घेणं आपल्याच हिताचं आहे. आणि ती करून घेताना एक गोष्ट सतत जाणवते: आपली भीती चुकीच्या जागी बसली आहे. जे मोठं, काळं, केसाळ दिसतं त्याला आपण भितो. ज्यानं खरोखर माणसं मेली ते त्या मानानं लहान आणि तांबूस आहे.

आपल्याकडे गावात विंचवांची वाटणी साधी असते. काळाकभिन्न, वीतभर, जाड आकड्यांची ती इंगळी. आणि दुसरा लाल किंवा पिवळसर विंचू. इंगळी पाहिली की अंगावर काटा येतो. तिनं नांगी मारली तर कळ मस्तकात जाते, पण धडधाकट माणसाच्या जिवाला सहसा धोका नसतो. लाल विंचू पाच ते नऊ सेंटिमीटरचा, आकडे बारीक, शेपूट मात्र जाडजूड. शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत मेसोब्युथस टॅम्युलस. वैद्यकाच्या दृष्टीनं भारतातला सर्वांत धोकादायक विंचू हाच. आकडे बारीक आणि शेपूट जाड असेल तर जपून, हा ढोबळ नियम आपल्याकडे चालतो. जगभर चालत नाही. इराणच्या खुझेस्तानसारख्या उष्ण प्रांतात हेमिस्कॉर्पियस नावाचा विंचू आहे. त्याची शेपूट लांब आणि सडपातळ, दंशही फारसा दुखत नाही, पण त्याचं विष रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं आणि मूत्रपिंडांवर घाला घालतं. भारतातल्या विंचवांची शास्त्रीय मोजदाद भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या बी. के. टिकादर आणि डी. बी. बस्तवडे यांनी १९८३च्या ग्रंथात केली. तरी मुंबईच्या आरे वसाहतीत एक नवी जात २०१० साली सापडलीच. शहराच्या पोटात राहणाऱ्या प्राण्यांचीही पुरती यादी आपल्यापाशी नाही.

विंचू बघायचा असेल तर रात्री, जांभळट अतिनील प्रकाशाचा टॉर्च घेऊन बघावा. सापविंचू पकडणाऱ्या मंडळींकडे हल्ली तो असतो. अर्धवट बांधकामाच्या मागे रचलेल्या विटांवरून हा उजेड फिरवला की विटा, सिमेंटचे शिंतोडे, वाळलेलं गवत सगळं काळं-जांभळं दिसतं, आणि दोन विटांच्या फटीत काहीतरी हिरवट-निळं झगझगतं. विंचवाच्या कवचात असे पदार्थ असतात की अतिनील किरण पडले की ते चमकतात. मादीसोबत पिलं असली तर आणखी एक गोष्ट दिसते. विंचू अंडी घालत नाही, पिलं जन्माला घालतो, आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवर बसून असतात. आई हिरवी पेटलेली आणि तिच्या पाठीवर दाटीवाटीनं बसलेली पिलं मात्र फिकी, मळकट, कारण त्यांचं कवच अजून कडक झालेलं नसतं. हे पाहिलेल्या माणसाला विंचू म्हणजे नुसतं चप्पल उगारण्याचं कारण वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता विषाकडे. लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात आणि पोटॅशियमच्या अडवतात. तंतू विझायचं विसरतात आणि संदेश धाडत राहतात. शरीरात ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिनचा पूर येतो. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, तोंडात लाळ साठते, हातपाय बर्फासारखे गार पडतात. रक्तवाहिन्या आवळल्यानं रक्तदाब चढतो, हृदय त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता थकतं, आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. गुलाबी फेस येऊ लागला की वेळ फार थोडा उरलेला असतो. या सगळ्यात घरच्यांना फसवणारी गोष्ट अशी, की ज्याला दंशाच्या जागी असह्य वेदना आहे तो पुष्कळदा तेवढ्यावरच सुटतो, आणि ज्याचं विष अंगभर पसरलं त्याला त्या जागी फारसं दुखत नाही. रडणारं पोर दवाखान्यात नेलं जातं. गप्प, घामेजलेलं, गार पडलेलं पोर झोपलं म्हणून अंथरुणावर ठेवलं जातं.

हे कोडं ज्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून सोडवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. एमबीबीएस त्यांनी आमच्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून केलं, याचा या शहराला अभिमान वाटायला हवा; पण इथे ते फार जणांना ठाऊक नसतं. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवानं माणसं मरत होती, मुलं जास्त. रुग्णालयात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. डॉ. मुंडले यांनी १९६१ सालीच कोकणातल्या अशा रुग्णांच्या फुप्फुसातल्या सुजेविषयी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. तरी त्यावर नेमका उपाय हाती नव्हता. स्टेरॉइड आणि ॲलर्जीची इंजेक्शनं दिली जात आणि ती कामाला येत नसत.

बावस्करांनी काय केलं, तर टिपणं ठेवली. रुग्ण कधी घामाघूम झाला, कधी हातपाय गार पडले, रक्तदाब कधी चढला, कधी कोसळला. हृदयाच्या धोक्याची ही आधीची लक्षणं १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मग त्यांचं लक्ष प्राझोसिनकडे गेलं. हे रक्तदाबाचं औषध. विष ज्या मार्गानं रक्तवाहिन्या आवळतं, तोच मार्ग ते अडवतं. १९८६ साली त्यांचं आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचं त्यावरचं टिपण लॅन्सेटमध्ये आलं. वेळेत दिलेल्या प्राझोसिनच्या गोळ्यांनी मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरनं, प्रयोगशाळा हाताशी नसताना, रक्तदाबाचं यंत्र आणि वही यांच्या जोरावर हे केलं. पद्मश्री त्यांना मिळाली २०२२ साली. महाराष्ट्राच्या वैद्यकात गेल्या पन्नास वर्षांत याहून मोठं काम फार थोडं झालं असेल, असं मला वाटतं.

विंचवाच्या विषावरचं प्रतिविष हा दुसरा उपाय. मुंबईची हाफकिन बायो-फार्मास्युटिकल ही सरकारी कंपनी घोड्याच्या रक्तद्रवापासून ते बनवते. त्याचा उपयोग किती, यावर जगात एकमत नव्हतं. ट्युनिशियात आठशेहून अधिक रुग्णांवर झालेली चाचणी १९९९ साली लॅन्सेटमध्ये आली. विंचू चावलेल्या प्रत्येकाला सरसकट प्रतिविष देऊन फायदा दिसत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. दहा वर्षांनी अमेरिकेतल्या ॲरिझोना या वाळवंटी राज्यातून उलट बातमी आली. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या पंधरा मुलांपैकी ज्या आठ जणांना प्रतिविष मिळालं ती सगळी चार तासांत लक्षणमुक्त झाली. उरलेल्या सातांतलं एकच. तिकडचा विंचू वेगळा, विष वेगळं, आणि ते प्रतिविषही मेक्सिकोत बनलेलं. आपल्याकडचं उत्तर पुन्हा महाडनंच दिलं. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या बावस्कर दांपत्याच्या चाचणीत ७० रुग्ण होते. प्राझोसिनबरोबर प्रतिविषही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ठेवलेल्या ३५ जणांपैकी ८. म्हणजे प्रतिविष असेल तर उत्तम, बरं होणं लवकर होतं. नसेल तर प्राझोसिन जीव राखतं. गावखेड्यासाठी यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण इंजेक्शनचा साठा संपू शकतो, पण गोळी खिशातसुद्धा मावते.

एक धागा अजून अर्धवट आहे आणि तो विदर्भासाठी मोलाचा आहे. सह्याद्रीच्या दमट पट्ट्यातल्या आणि दख्खनच्या कोरड्या पठारावरच्या लाल विंचवांच्या विषाची तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली, आणि एकाच जातीच्या विंचवाच्या विषातले घटक प्रदेशागणिक वेगळे निघाले. आपल्याकडचं बहुतेक वैद्यकीय ज्ञान कोकणातल्या रुग्णांवर उभं आहे. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत, यवतमाळच्या कपाशीत, नागपूरच्या वेशीवरच्या वीटभट्ट्यांवर जो विंचू चावतो त्याच्या विषाचा अभ्यास इथेच, इथल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून व्हायला हवा.

जगाकडे नजर टाकली तर २००८ सालच्या एका अंदाजानुसार दरवर्षी बारा लाखांहून जास्त लोकांना विंचू चावतो आणि सव्वातीन हजारांच्या वर माणसं मरतात. मेक्सिकोत वर्षाला तीन लाखांच्या आसपास दंश होतात, पण प्रतिविष सगळीकडे पोचवल्यानं मृत्यू शंभराच्या आत आले. ब्राझीलची गोष्ट वेगळी आणि शहरात राहणाऱ्यांनी ऐकावी अशी आहे. तिथला पिवळा विंचू, टिटियस सेर्रुलॅटस, नराशिवाय पिलं घालतो. एक मादी गटारात शिरली तरी वसाहत तयार होते. गटारं, झुरळं आणि बांधकामाचा राडारोडा यांच्या आधारानं तो साओ पाउलोसारख्या महानगरांत पसरला. आपला लाल विंचू असा एकट्यानं वाढत नाही, हे आपलं नशीब. पण झुरळं आणि राडारोडा आपल्याकडेही कमी नाही. इजिप्तमध्ये अस्वानला नोव्हेंबर २०२१मध्ये वादळी पाऊस झाला, बिळात पाणी शिरलं, विंचू घरांत आले आणि एका रात्रीत पाचशेच्या आसपास लोक दवाखान्यात पोचले. कोरड्या मुलखात अवचित धो धो पाऊस कोसळला की पहिल्या रात्री अंथरूण झटकून घ्यावं, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

विंचवाच्या जोडीनं आपण भितो ते कोळ्यांना. त्यांच्याबद्दल लिहायला फारसं काही नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. बहुतेक सगळ्या कोळ्यांना विषग्रंथी असतात. तरी महाराष्ट्रातल्या घरात जे कोळी दिसतात त्यांपैकी माणसाच्या जिवावर उठेल असा मला एकही ठाऊक नाही. भिंतीवर रात्री दिसणारा तळहाताएवढा चपटा कोळी झुरळं खातो. मादी पोटाखाली पांढरी चकतीसारखी अंड्यांची पिशवी धरून फिरते, तेव्हा लोक तिला जास्तच घाबरतात. नखाएवढा उड्या मारणारा कोळी माशा-डास टिपतो. झाडाच्या ढोलीत किंवा बिळात राहणारे केसाळ मोठे कोळी चावले तर सूज येते आणि वेदना होतात, काही जातींच्या दंशानं स्नायूंत पेटके येतात. ब्लॅक विडोचे नातलग भारतात आहेत, पण त्यांच्या दंशाच्या नोंदी विरळा. कोरड्या माळावर केव्हातरी दिसणारा, भन्नाट पळणारा, भल्यामोठ्या जबड्यांचा जो प्राणी इंग्रजीत कॅमल स्पायडर म्हणून ओळखला जातो, तो कोळी नाही आणि त्याला विषही नाही. इराक युद्धाच्या काळात त्याचे अवाढव्य दिसणारे फोटो जगभर फिरले आणि भीती आपल्यापर्यंत आली.

पावसाळ्यात अंगावर लांबट पट्टा उठतो, आग होते, फोड येतात. आमच्याकडे लगेच म्हणतात, मकडी, म्हणजे कोळी, मुतली. बहुतेकदा ते काम पेडेरस नावाच्या काळ्या-नारिंगी किड्याचं असतं. रात्री दिव्यावर येतो, अंगावर बसतो, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो. कधी ती नागीण असते, म्हणजे कांजिण्यांच्याच विषाणूचं दुखणं. कोळी तिथे नसतोच. आसाममध्ये २०१२ साली सदिया भागात कोळी चावून दोन माणसं मेल्याची बातमी देशभर गाजली. त्यांना आधी ओझाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेलं होतं, तिथे जखम ब्लेडनं कापण्यात आली, आणि कोळ्याच्या विषानंच मृत्यू आला याचा पुरावा पुढे आला नाही. ऑस्ट्रेलियात खरोखर जीवघेणा फनेल-वेब कोळी आहे. १९८१ साली त्याचं प्रतिविष आलं आणि तेव्हापासून त्याच्या दंशानं मृत्यू झाल्याची नोंद नाही.

आपल्या भागात कोळ्यांचा अभ्यास करणारी माणसं आहेत. दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात डॉ. अतुल बोडखे यांनी कोळ्यांच्या संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. कपाशीतले तुडतुडे आणि पांढरी माशी खाणारा कोळी फवारणीत आधी मरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. विदर्भात विषाची भीती बाळगायचीच असेल तर ती पंपातल्या विषाची बाळगावी; कोळ्यानं इथे कोणाचं घर बुडवलेलं नाही.

पुन्हा विंचवाकडे. मंत्रानं विंचू उतरतो, हा समज एवढा चिवट का, याचं उत्तर वर येऊन गेलं आहे. बहुतेक दंश सौम्य विंचवांचे असतात आणि कळ काही तासांत आपोआप ओसरते. मांत्रिकानं कडुनिंबाचा डहाळा फिरवला, कुणी चिंचोका घासून चिकटवला, कुणी आघाड्याचं मूळ लावलं. श्रेय त्या उपायाला मिळालं. लाल विंचवाच्या बाबतीत मात्र हेच काही तास हातचे जातात. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत याचा थेट उल्लेख आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायद्याचा रोख रोखण्यावर आहे, हे बारकाईनं वाचलं पाहिजे. आजीनं चिंचोका लावला म्हणून तिच्यावर कोणी खटला भरणार नाही. पण चिंचोका लावून गाडी काढायला हवी.

घरात काय करायचं, हे वाळवंटातल्या माणसांना आणि आपल्या आजोबांना सारखंच माहीत होतं. उन्हाळ्यात अंगणात झोपायचं तर बाजेवर, आणि बाज भिंतीपासून हातभर दूर. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. जोडे सकाळी आपटून घालायचे, खुंटीवरचा सदरा झटकायचा. सरपण आणि गवऱ्या हातानं न ओढता आधी काठीनं हलवायच्या. भिंतीचे तडे बुजवायचे, दाराखालच्या फटीला पट्टी लावायची, मोरीच्या जाळ्या शाबूत ठेवायच्या आणि झुरळं आवरायची, कारण विंचू येतो तो त्यांच्या मागे. कूलरखाली टेकू म्हणून ठेवलेल्या विटा आणि तिथली कायमची ओल ही नागपुरी घरातली खास जागा; उन्हाळ्यात तिथे रिकाम्या हातानं चाचपू नये. दंश झालाच तर जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. बर्फ लावला तर कळ कमी होते. घाम, उलटी, लाळ, गार हातपाय, धाप यांपैकी काहीही दिसलं की थांबायचं नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत लक्षणांची वाटही बघायची नाही. जरीपटक्याहून मेयो रुग्णालय जवळ आहे. काटोल-नरखेडच्या रानातून ते जवळ नाही, आणि हा सगळा प्रश्न शेवटी त्या अंतराचा आहे.

सरकारच्या कागदात विंचू कुठे आहे? देशात सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्मे करायचा राष्ट्रीय आराखडा २०२४ साली आला; तो सापांसाठी आहे. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत विंचूदंशानं मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, ही चांगली गोष्ट. पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या, भट्टीवर विटा उचलणाऱ्या, बांधकामाच्या पत्र्याखाली जमिनीवर पोरं झोपवणाऱ्या भूमिहीन बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून या योजनेतही नसतं. विंचवाचा धोका सर्वांत जास्त असतो तो तिला. ही अट बदलायला कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरेसा आहे. आणि एप्रिल उजाडण्याआधी नागपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, मुलांना मोजून देता येईल अशी प्राझोसिनची साधी गोळी आहे का, हे औषधसाठ्याच्या वहीत बघून कोणत्याही ग्रामपंचायत सदस्याला एका सकाळी कळू शकतं.